कमरेला वॉकी-टॉकी आणि पाचवा महिना: लहरींची काळजी कुठे करायची, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा रक्षक असलेल्या ताईंना पाचवा महिना चालू आहे. बारा तासांची ड्युटी, वॉकी-टॉकी कमरपट्ट्याला पुढच्या बाजूला, माइक खांद्यावर, कानात इअरपीस. सासूबाई म्हणतात, ते यंत्र पोटाला लावून फिरू नकोस. सुपरवायझर म्हणतात, मोबाईलपेक्षा कमीच असतं, काही होत नाही. बाळाला धोका असेल तर नोकरी सोडावी का, असं ताई विचारतात. अलीकडे डोकं दुखतं, तेही याच्यामुळेच का, हा जोडप्रश्न.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. नोकरी सोडायची गरज नाही. पण सेट आज जसा लावताय तसा उद्यापासून लावू नका. सुपरवायझरांचं बोलणं चुकीचं आहे. सासूबाईंना त्यामागचं विज्ञान सांगता येणार नाही, पण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं आहे.

माझं काम वायरलेस सेट बसवण्याचं, दुरुस्त करण्याचं आणि ते वापरणाऱ्यांना शिकवण्याचं. या सगळ्या वर्षांत मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. सेट हातात देताना चॅनल कुठला, चार्जिंग कसं करायचं आणि हरवला तर पगारातून किती कापणार, एवढंच सांगितलं जातं. बॉक्समधलं सुरक्षिततेचं पत्रक बॉक्समध्येच राहतं. ते पत्रक वाचणं हा औपचारिकपणा नाही, हे तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने नीट सांगतो.

सुरुवात सेट लहरी सोडतो कधी, इथून करू. सेट चालू आहे, आवाज येतोय, तेव्हा तो फक्त ऐकत असतो. ऐकणारा सेट शरीराला त्रास होईल असं काही बाहेर टाकत नाही. तुम्ही बटण दाबता आणि बहुतेक सेटवर लाल दिवा लागतो, त्या क्षणापासून अँटेनातून पूर्ण शक्तीने लहरी निघतात. बटण सोडलं की थांबतात. काही डिजिटल सेट अधूनमधून स्वतःहून क्षणभर संदेश पाठवतात, पण तो वेळ नगण्य असतो. म्हणजे बारा तास सेट कमरेला आहे याचा अर्थ बारा तास लहरी पोटात जाताहेत असा अजिबात नाही. ही भीती आधी मनातून काढून टाका.

आता मोबाईलशी तुलना. कारखान्यात वापरतात ते सेट साधारणपणे दोन पट्ट्यांत चालतात. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले सेट ५ वॅटचे असतात, ४०० मेगाहर्ट्झच्या वरचे बहुधा ४ वॅटचे. आपला फोरजी मोबाईल जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास सोडतो आणि टॉवर जवळ असला की स्वतःच शक्ती कमी करतो. साधा वॉकी तसं करत नाही. समोरचा माणूस दहा पावलांवर असो की दोन किलोमीटरवर, बटण दाबलं की पूर्ण ४ वॅट. त्या क्षणापुरता हिशेब केला तर मोबाईलच्या वीसपट. तेव्हा "मोबाईलपेक्षा कमी" हे वाक्य कुणी म्हटलं तर त्याला थांबवा.

मात्र बोलण्याचा वेळ धरला की चित्र बदलतं. समजा तुम्ही तासाला वीस वेळा बटण दाबता आणि दर वेळी पाच सेकंद बोलता. हे झाले १०० सेकंद. तासाच्या ३६०० सेकंदांत ते तीन टक्क्यांनाही पोचत नाहीत. ४ वॅटची सरासरी काढली तर ०.११ वॅट येते. गेटवरचं नेहमीचं बोलणं एवढंच असतं. अडचण येते ती शिफ्ट बदलताना, किंवा एखादा ट्रेलर आत घेताना कंट्रोल रूमशी सलग बोलावं लागतं तेव्हा. मर्यादा मोजताना कामगारांसाठी सहा मिनिटांची सरासरी धरण्याची पद्धत आहे. त्या सहा मिनिटांतली तीन मिनिटं तुम्ही बोलत असाल तर तुम्ही निम्मा वेळ लहरी सोडताय. सेट बनवणाऱ्या कंपन्यांच्या पत्रकात हीच वरची हद्द दिलेली असते: बोलणं एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त नको.

या लहरी शरीरात करतात काय? रेडिओलहरी आणि एक्स-रे यांत लोक गल्लत करतात. एक्स-रेच्या कणांत रेणू तोडण्याइतकी ऊर्जा असते. ४५० मेगाहर्ट्झच्या लहरीतल्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागते त्याच्या दहा लाखांव्या भागाहूनही कमी. ती गुणसूत्रं तोडू शकत नाही. सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊतींमध्ये निर्माण होणारी उष्णता. थोडी उष्णता रक्त वाहून नेतं. डोळ्यांत आणि पुरुषांच्या वृषणांत रक्तप्रवाह तुलनेने कमी, म्हणून हे अवयव जास्त नाजूक मानतात. अँटेनाचं टोक डोळ्यांजवळ नेऊ नका हे सांगतात ते याचसाठी.

शरीराचा एक किलो भाग किती वॅट शोषतो, यावर मर्यादा ठरते. या शोषणाच्या प्रमाणाला सार (एसएआर) म्हणतात. जनावरांवरच्या प्रयोगांत संपूर्ण शरीराने किलोमागे ४ वॅट शोषले तेव्हा वागणुकीत बदल दिसू लागला. कामगारांसाठी त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.४, आणि सामान्य जनतेसाठी पन्नासावा, म्हणजे ०.०८ ही हद्द ठरली. वॉकीसारखं यंत्र शरीराच्या एकाच भागाजवळ असतं, म्हणून त्या भागासाठी वेगळे आकडे आहेत. अमेरिकी नियमात एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर जनतेसाठी १.६ आणि कामगारांसाठी ८. भारतात मोबाईलसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून हाच १.६ चा आकडा लागू आहे.

१.६ आणि ८. पाचपटीचा फरक. कामगाराचं शरीर जनतेच्या शरीराहून पाचपट कणखर असतं म्हणून हा फरक ठेवलेला नाही. तो एका गृहीतकावर उभा आहे: कामावर सेट वापरणाऱ्याला लहरींची माहिती दिलेली आहे, आणि कसं धरायचं, किती बोलायचं, कधी थांबायचं हे त्याच्या हातात आहे. तुमच्या सेटची बॅटरी काढून मागचं लेबल किंवा बॉक्समधलं पत्रक पाहा. ४-५ वॅटच्या बऱ्याच सेटसोबत "केवळ व्यावसायिक वापरासाठी" अशा अर्थाची सूचना येते. याचा अर्थ तो सेट ८ च्या हद्दीत तपासला आहे, १.६ च्या नाही. माहिती देणं ही त्या परवानगीची अटच आहे. ज्या रक्षकाला कुणी काही सांगितलंच नाही, त्याच्या हातात तोच सेट देणं म्हणजे अट मोडून सवलत घेणं. माझा राग आहे तो इथे. या देशात हजारो रक्षक असे सेट वापरतात आणि त्यांच्या भाषेतलं एक पानही त्यांना मिळत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. अशा लहरींच्या मर्यादा सुचवणारी इक्निर्प नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत गर्भ हा सामान्य जनतेत मोजला आहे आणि म्हणून गरोदर कामगार स्त्रीला जनतेचीच, म्हणजे कडक मर्यादा लावावी असं म्हटलं आहे. कारण उघड आहे. तुम्ही माहिती घेऊन काम स्वीकारलं असेल, बाळाने नाही. वॉकीमुळे बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालं आहे म्हणून हे सांगत नाही. तसं सिद्ध झालेलं नाही. पण कामगारांची सैल मर्यादा तुमच्या पोटाला लावणं बरोबर नाही, एवढं निश्चित. आणि कडक मर्यादेत राहणं अवघडही नाही.

आता तुमच्या कमरपट्ट्याकडे येऊ. इअरपीस आणि खांद्यावरचा माइक चांगली सोय आहे. सेट डोक्यापासून दूर जातो, म्हणून लोक त्याला जास्त सुरक्षित समजतात. डोक्यासाठी ते खरंही आहे. पण लहरी माइकमधून निघत नाहीत, अँटेनातून निघतात, आणि अँटेना आहे तुमच्या कमरेला. खांद्यावरचं बटण दाबलं की पूर्ण शक्ती पोटापासून दोन-तीन बोटांवर सुटते. इतर रक्षकांसाठी ही पद्धत ठीक. तुमच्यासाठी ती उलटी पडते. पुढचे महिने माइकची वायर काढून ठेवा आणि बोलताना सेट हातात घ्या. ऐकायला नुसता इअरपीस लावायला हरकत नाही, मात्र वायर एवढी लांब हवी की सेट तोंडासमोर आणता येईल. सेट ठेवायचा तर पुढे नको, उजव्या किंवा डाव्या कुशीला, कंपनीच्या जाड कव्हरमध्ये किंवा क्लिपवर. तिथे तो नुसता ऐकत राहील.

हातात धरायची रीत अशी. सेट उभा, तोंडासमोर, ओठांपासून निदान अडीच सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटं आडवी मावतील इतकं अंतर. मी चार बोटं सांगतो. आवाज स्पष्ट जातो, श्वासाची फुरफूर माइकमध्ये येत नाही. अँटेना सरळ वर, कपाळाकडे किंवा गालाकडे कलती नको. गोंगाटात ऐकू यावं म्हणून बरेच जण सेट फोनसारखा कानाला लावतात. ऐकताना लावा, हरकत नाही. पण तसाच धरून बटण दाबलं तर अँटेना कानशिलाला चिकटलेली असते. बोलायच्या आधी सेट समोर आणा, ही सवय हाताला लावून घ्या. अडीच सेंटीमीटर हा आकडा हवेतून आलेला नाही. चेहऱ्यासमोर वापरायच्या सेटची तपासणी प्रयोगशाळेत या अंतरावर करतात. कमरेवरची तपासणी कंपनीच्याच क्लिप आणि कव्हरसह होते. बाजारातून आणलेली पातळ क्लिप लावली की अँटेना अंगाला टेकते आणि तपासणीतला आकडा तुमच्यासाठी खरा राहत नाही.

अंतराचा फायदा किती मोठा असतो ते शेकोटीपाशी बसलेल्याला सांगावं लागत नाही. हाताचा तळवा वीतभर मागे घेतला की चटका संपतो. अँटेनाच्या अगदी जवळ लहरींची तीव्रता अशीच झपाट्याने पडते, म्हणून पहिले दोन-चार सेंटीमीटर मोलाचे.

अँटेना मुठीत धरून बोलणारेही पुष्कळ पाहतो. हात लहरी शोषतो, पलीकडे आवाज तुटक जातो, मग माणूस तेच वाक्य तीनदा बोलतो. पल्लाही गेला आणि बोलण्याचा वेळही वाढला.

यानंतर सगळ्यात उपयोगी गोष्ट: शक्ती कमी करणं. बहुतेक सेटवर कमी शक्तीची सोय असते, साधारण १ वॅटची. कधी ती बटणाने बदलते, कधी प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडून चॅनलला लावून घ्यावी लागते. लोकांना वाटतं, ५ चं १ केलं तर पल्ला पाचपट कमी होईल. तसं होत नाही. अगदी मोकळ्या जागेतही पल्ला निम्म्याच्या जरा खाली येतो, जमिनीलगत प्रत्यक्षात तोटा त्याहून कमी असतो. भिंती आणि पत्र्याच्या शेड आवाज अडवतात तिथे ५ वॅटही फार काही करू शकत नाहीत. गेट ते कंट्रोल रूम एवढ्या अंतराला १ वॅट पुरतो. कारखान्यात रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे जोरात पाठवणारं यंत्र, असेल तर प्रश्नच नाही. तुम्ही १ वॅटवर, तासाला शंभर सेकंद बोलत असाल तर सरासरी येते ०.०३ वॅट. एवढ्यावर झोप उडवून घेऊ नका.

एक धोका मात्र लोकांच्या लक्षात येत नाही: अडकलेलं बटण. बसताना बटण खुर्चीच्या हाताखाली दाबलं जातं, किंवा जुन्या सेटचं रबर फाटून आत रुततं. मग सेट मिनिटानुमिनिटं लहरी सोडत राहतो, तापतो, चॅनल बंद पडतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. यावर उपाय सेटच्या आत असतो. प्रोग्रॅमिंगमध्ये साठ सेकंदांची वेळमर्यादा लावली की त्यानंतर प्रसारण आपोआप बंद होतं. मी कुठलाही सेट हातात घेतला की आधी हे तपासतो. तुमच्या सुपरवायझरांना ते लावून घ्यायला सांगा. आवाजावर आपोआप चालू होणारी सोय असेल तर ती बंद ठेवा. गेटवरच्या हॉर्नच्या गोंगाटात सेट सारखा चालू होत राहील.

अँटेनाचं रबर फाटून तार दिसत असेल तर सेट बाजूला ठेवा. बोलताना ती उघडी तार ओठाला किंवा बोटाला लागली तर बारीक भाजल्यासारखा चटका बसतो. लांब पल्ल्याच्या नावाखाली मिळणारी दुसऱ्या पट्ट्याची अँटेनाही लावू नका. शक्ती बाहेर जाण्याऐवजी उलटून सेटमध्ये येते आणि सेट तापतो.

आणखी एक बघून घ्या. आजकाल बऱ्याच सुरक्षा एजन्सी सिमकार्ड घातलेले वॉकी देतात. दिसायला तसेच, बटणही तसंच, पण आत मोबाईल असतो. तुमचा तसा असेल तर वरचे ४-५ वॅटचे आकडे त्याला लागू नाहीत, मोबाईलचे नियम लागू. पण तो नेटवर्कशी स्वतःहून संपर्क ठेवत असतो, म्हणून पोटापासून दूर ठेवायचा सल्ला तोच.

कर्करोगाचं भय तुम्ही विचारलं नाही, तरी घरात ते बोललं जात असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना "कदाचित कर्करोगकारक" या गटात ठेवलं, मोबाईल जास्त वापरणाऱ्यांमधल्या मेंदूच्या गाठींबद्दलच्या मर्यादित पुराव्यावरून. पुढे २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मी या दोन्ही गोष्टींचा अर्थ असा घेतो की घाबरायचं कारण नाही, आणि फुकटात मिळणारं अंतर सोडायचंही कारण नाही.

डोकेदुखीबद्दल. वॉकीच्या लहरींनी डोकं दुखतं असं सिद्ध झालेलं नाही. बारा तास एका कानात मोठा आवाज, उन्हात उभं राहणं, पाणी कमी पिणं, रात्रपाळी, ही कारणं आधी तपासा. आवाज खाली घ्या, इअरपीस कान बदलून लावा. आणि एक महत्त्वाचं: गरोदरपणात सारखं डोकं दुखणं रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा किंवा हात सुजत असतील तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वॉकीवर खापर फोडून हे राहून जाऊ नये.

खरं सांगायचं तर बारा तास उभं राहणं ही मला वॉकीपेक्षा मोठी काळजी वाटते. मातृत्व लाभाच्या कायद्यात तरतूद आहे की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, स्त्रीने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा बराच वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. तुमचा तो महिना अजून यायचा आहे, पण बसून करता येईल असं रजिस्टरचं काम आत्तापासूनच मागायला काय हरकत आहे? लेखी मागा.

कारखान्यातल्या दोन जागा लक्षात ठेवा. पेंट शॉप, सॉल्व्हंटचं गोदाम, गॅसच्या टाक्या, इथे धोका लहरींनी शरीर तापण्याचा नाही, ठिणगीचा आहे. तिथे स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित केलेलाच सेट न्यायचा, आणि त्याचीही बॅटरी तिथे बदलायची नाही. भारतात हे प्रमाणन पाहणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. दुसरं, आवारात किंवा शेजारी खडक फोडायला विजेवर चालणारे सुरुंग लावत असतील तर फलक दिसताच सेट पूर्ण बंद करा, नुसता आवाज कमी करू नका. गेटवर येणाऱ्या कुणाला पेसमेकर असेल तर त्याच्या छातीपाशी सेट नेऊन बोलू नका, निदान वीतभर अंतर ठेवा.

सुटी बॅटरी खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर टाकू नका. टोकं जोडली गेली तर किल्ली लालबुंद तापते.

सेट घरी नेत असाल तर तिथे बंद करून ठेवा, मुलांना खेळायला देऊ नका. "केवळ व्यावसायिक वापरासाठी" याचा अर्थच हा की तो सेट सामान्य जनतेसाठी नाही, आणि मुलं त्यातच मोडतात. घरासाठी हवेच असतील तर भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट विनापरवाना वापरता येतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, पट्टा आणि शक्ती यांचा धड उल्लेख नसलेले सेट घेऊ नका. ते बेकायदा असू शकतात आणि त्यांची तपासणी कुणी, कुठल्या हद्दीत केली हे कळायला मार्ग नसतो.

सुपरवायझरांशी बोलताना वाद घालू नका. एवढंच मागा: सेटचं सुरक्षिततेचं पत्रक, गेटच्या चॅनलला कमी शक्ती, साठ सेकंदांची वेळमर्यादा, कंपनीचं कव्हर आणि गरोदरपणात खांद्याच्या माइकऐवजी सेट हातात घेऊन बोलण्याची मुभा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. प्रोग्रॅमिंग करणारा माणूस सगळे सेट एका दुपारी करून देतो. तुमच्या डॉक्टरांनाही सेट कसा वापरता ते सांगा. आणि सेटच्या मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक मला लिहून पाठवा. तो सिमचा आहे की साधा, आणि त्यात कमी शक्ती कुठून लावायची, हे नेमकं सांगतो.